घरात प्रत्येकाचं ऊन वेगळं

मार्च उजाडला की खारघरच्या घराघरांत एकच हुकूम निघतो. पाणी प्या, उन्हात जाऊ नका, पंखा लावा. हुकूम चांगलाच आहे. पण तो घरातल्या सगळ्यांना सारखा पुरत नाही. 3 किलोचं तान्हं बाळ, 30 किलोची शाळकरी मुलगी, 90 किलोचे बाबा आणि 45 किलोवर आलेली आजी एकाच खोलीत बसलेली असली, तरी चौघांच्या अंगात शिरणारी आणि अंगातून बाहेर पडणारी उष्णता वेगवेगळी असते. हा हिशेब एकदा लक्षात आला, की कुणाकडे कधी बघायचं हे तुमचं तुम्हालाच कळेल.

हिशेब अवघड नाही. कुकरमधून काढलेला मोठा बटाटा बराच वेळ हाताला चटका देतो. त्याच बटाट्याच्या फोडी केल्या, तर सोलेपर्यंत निवतात. वजन तेवढंच राहिलं, पण हवा लागणारी बाजू वाढली. एका मोठ्या चौकोनी तुकड्याचे आठ सारखे तुकडे केले, तर हवा लागणारी बाजू बरोबर दुप्पट होते.

आपल्या अंगाचंही तसंच आहे. उष्णता तयार होते आत, मांसात आणि आतड्या-काळजात. बाहेर पडते ती कातडीवाटे. म्हणून एका किलो वजनामागे कातडी किती, हे महत्त्वाचं. तान्ह्या बाळाला किलोमागे साधारण 670 चौरस सेंटीमीटर कातडी असते. 30 किलोच्या मुलीला 350 च्या आसपास. 60 किलोच्या माणसाला 270. 90 किलोच्या माणसाला 230 च्या आतबाहेर. म्हणजे बाळाची कातडी त्याच्या वजनाच्या मानाने तुमच्या अडीच पट आहे.

याचा अर्थ बाळ लवकर गार पडतं आणि लवकर तापतं. मोठं, वजनदार शरीर सावकाश तापतं. पण एकदा तापलं की त्याला निवायलाही वेळ लागतो. पुढे जे काही सांगणार आहे, ते सगळं यातूनच निघतं.

आधी आपल्याच गावात घडलेल्या गोष्टीकडे बघा. 16 एप्रिल 2023 चा रविवार. खारघरच्या कॉर्पोरेट पार्क मैदानावर अप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सोहळा होता. त्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, राज्यभरातून आले होते. कित्येक जण सकाळपासून मैदानात बसून होते. भर दुपारी ऊन डोक्यावर होतं आणि वर छप्पर नव्हतं. त्या दिवशी या भागात पारा 38 अंशांच्या आसपास होता. उष्माघाताने 14 जण गेले. पुढे सरकारने दुपारी 12 ते 5 या वेळेत उघड्यावर असे कार्यक्रम घेऊ नयेत, असं ठरवलं.

तेव्हा अनेकांनी विचारलं, 38 अंश म्हणजे एवढं काय? विदर्भात तर 45 असतं. हा प्रश्न आजही ऐकू येतो, म्हणून त्याचं उत्तर नीट समजून घ्या.

आपल्या कातडीचं तापमान 35 अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल, तर अंगातली उष्णता हवेत जाते. हवा 38 अंशांवर गेली, की उलटं होतं. हवेतूनच उष्णता अंगात येऊ लागते. वरून ऊन, खालून तापलेली जमीन. मग सुटकेचा एकच मार्ग उरतो, घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो जवळजवळ 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. शांत बसलेल्या 60 किलोच्या माणसाच्या अंगात तासाला 60 ते 70 किलोकॅलरी उष्णता तयार होते. म्हणजे घाम हा फार ताकदीचा उपाय आहे. पण तो वाळला पाहिजे. नुसता गळून जमिनीवर पडला, तर पाणी आणि मीठ गेलं, गारवा काहीच मिळाला नाही.

आपण खाडीकाठची माणसं. इकडे पनवेलची खाडी, तिकडे ठाण्याची. हवेत ओलावा कायम. विदर्भातल्या कोरड्या उन्हात घाम कातडीवरच उडून जातो. इथे तो अंगावर चिकटून राहतो. म्हणून आपले 38 अंश तिकडच्या मोठ्या आकड्यांच्या मानाने सौम्य आहेत, असं समजू नका.

आता गर्दीचा भाग. मला वाटतं, या सगळ्यात कमी बोललं जातं ते याच गोष्टीवर. मांडीला मांडी लावून लोक बसतात तेव्हा प्रत्येकाची कातडी तेवढीच असते, पण मोकळ्या हवेला लागणारी कातडी फार थोडी उरते. डावीकडे शेजाऱ्याचा दंड, उजवीकडे शेजाऱ्याचा दंड, समोर कुणाची तरी पाठ. तुमच्या अंगातून निघालेली उष्णता शेजाऱ्याला लागते, त्याची तुम्हाला. वारा शिरायला फट नाही. सगळ्यांच्या घामाने मधली हवा आणखी ओली होते. थंडीत माणसं आणि जनावरं ऊब यावी म्हणूनच एकमेकांना चिकटतात. तीच गोष्ट एप्रिलच्या दुपारी जिवावर बेतते.

म्हणून गर्दीत जायचंच असेल, तर कडेला बसा. मध्यभागी नाही. जत्रा असो, सभा असो, लग्नाचा मांडव असो, पालखी असो. शेजाऱ्यात आणि तुमच्यात हातभर अंतर ठेवा. तासाभराने उठून मोकळ्या जागी जाऊन या. जागा गेली तर जाऊ द्या. बाहेर पडायची वाट कुठे आहे, हे बसण्याआधी बघून ठेवा. घरातून निघताना काहीतरी खाऊन निघा. उपास असेल तर निदान ताक, लिंबूपाणी आणि केळं पोटात असू द्या. श्रद्धेच्या ठिकाणी मधूनच उठणं बरं दिसत नाही, असं आजी म्हणेल. तिला सांगा, देवाला आणि गुरूला तुझी तब्येत आधी हवी आहे.

आता घरात या. तान्ह्या बाळापासून सुरुवात करू, कारण त्याचा हिशेब सगळ्यांत नाजूक आहे.

बाळ जन्मतं ते ओलं असतं. आईच्या पोटात 37 अंशांची ऊब होती आणि बाहेर एसी लावलेली खोली. त्याला कुडकुडून अंग गरम करता येत नाही. मानेजवळ आणि खांद्यांच्या मध्ये एक खास चरबी असते, ती जाळून ते ऊब मिळवतं. तो साठा थोडाच असतो. कमी दिवसांच्या बाळाकडे तर फारच थोडा. म्हणून जन्मल्या जन्मल्या आंघोळ घालायची घाई करू नका. कोरड्या मऊ कापडाने पुसा, आईच्या छातीशी द्या, दूध पाजायला लावा. आंघोळ निदान 24 तासांनी. घरातल्या जाणत्या बायकांना हे पटायला वेळ लागतो. बाळ चिकट राहिलं असं वाटतं. पण तो पांढरट थर बाळाच्या कातडीची राखणच करत असतो. त्याला राहू द्या.

बाळ गार पडलंय का, हे बघायला थर्मामीटरही लागत नाही. तुमच्या हाताची उलटी बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळव्यांना. पोट आणि तळवे दोन्ही उबदार आणि रंग गुलाबी, तर सगळं ठीक. पोट उबदार आणि तळवे गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. लगेच छातीशी घ्या, वरून दुपटं घाला, डोक्याला टोपडं. पोट आणि तळवे दोन्ही गार, तर वेळ घालवू नका. छातीशी धरूनच दवाखाना गाठा. दिवसातून चार वेळा हे करा, दूध पाजण्याआधी. आठवडाभरात तुमच्या हाताला सवय होईल.

बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने मोठं असतं, म्हणून उष्णता तिथून भरपूर जाते. टोपड्याचं महत्त्व त्यामुळे आहे.

छातीशी धरण्याची ही रीत जगभरच्या दवाखान्यांनी मान्य केली आहे. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एदगार रेय यांच्या दवाखान्यात बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. त्यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून ठेवायला सांगितलं. अडीच किलोच्या आतलं बाळ असेल, तर तुमच्या डॉक्टरांना ही रीत विचारा. बाळाचे बाबाही छातीशी धरू शकतात, आजीही. लाजू नका.

आपल्या महाराष्ट्रातही यावर मोठं काम झालं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या घरोघर जाऊन बाळाचं वजन करत, श्वास मोजत, अंग गार पडू नये म्हणून उबदार पिशवी वापरायला शिकवत. जंतुसंसर्ग झाला तर औषधही देत. 39 गावांत हे काम झालं आणि तिथल्या नवजात बाळांचे मृत्यू जवळजवळ 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे छापून आलं. पुढे सरकारने आशाताईंच्या कामात ही पद्धत घेतली. बाळ झाल्यावर आशाताई पहिल्या 42 दिवसांत पुन्हा पुन्हा येतात, त्या यासाठीच. ओवे कॅम्प, मुर्बी, बेलपाडा किंवा डोंगरावरच्या चाफेवाडी-फणसवाडीकडे राहत असाल, तर त्यांना दारातून परत पाठवू नका. टॉवरमध्ये राहणाऱ्यांनीही पाठवू नका.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये खारघरला बाळाला लोकरीची कुंची, दोन झबली आणि वरून दुपटं गुंडाळलेलं मी पाहते, तेव्हा जीव कासावीस होतो. लहान अंग जसं पटकन गार पडतं, तसंच पटकन तापतं. त्याला घामही नीट येत नाही. उन्हाळ्यात एक पातळ सुती झबलं पुरे. एसी 26-27 वर, झोत बाळावर नको. मान आणि पाठ चाचपून बघा. घामट लागली तर एक कपडा कमी करा. बाळ लाल झालं, तापलं आणि दूध ओढेनासं झालं, तर आधी कपडे मोकळे करा आणि डॉक्टरांना दाखवा.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी देऊ नका. आईचं दूध पुरतं. पाणी आईला द्या, पोटभर.

पाण्याचाही हिशेब अंगाच्या आकारावरच चालतो. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला रोज किलोमागे साधारण 150 मिलिलिटर द्रव लागतो. मोठ्या माणसाला 30 ते 40. बाळाच्या अंगात पाणी येतं भराभर आणि जातंही भराभर. म्हणून जुलाब-उलट्यांत लहान मूल फार लवकर सुकतं. 10 किलोच्या मुलाचं अर्धा लिटर पाणी गेलं, तर त्याच्या वजनाचा विसावा भाग गेला. डोळे खोल जातात, जीभ कोरडी पडते, लघवी कमी होते. तेच अर्धा लिटर 90 किलोच्या बाबांचं गेलं, तर त्यांना फारसं जाणवणारही नाही. म्हणून बाबांनी 'माझंही पोट बिघडलं होतं, आपोआप बरं झालं' हा अनुभव मुलाला लावू नये.

घरात ओआरएसची दोन पाकिटं कायम ठेवा. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल, तर एक लिटर पाण्यातच घाला. अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात, असं अंदाजाने करू नका. ते फार खारट होतं आणि अपाय करतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चमच्या-चमच्याने, सतत. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. बाळ अंगावर पीत असेल तर ते बंद करू नका. मूल सुस्त पडलं, किंवा सहा-सात तास लघवी झाली नाही, तर सकाळची वाट बघत बसू नका.

औषधांचंही असंच. डोस वजनावर ठरतो. मोठ्यांची गोळी मोडून अर्धी मुलाला देऊ नका.

शाळकरी मुलांबद्दल दोन गोष्टी. पहिली, गाडी. मॉलच्या बाहेर किंवा बाजारात गाडी उन्हात उभी करून 'दोन मिनिटांत येते' म्हणून मुलाला मागच्या सीटवर ठेवणं थांबवा. बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान आठ-दहा अंशांनी चढतं. बाहेर 35 असेल तर तासाभरात आतलं तापमान पन्नाशीपर्यंत जातं. काच बोटभर उघडी ठेवून काही होत नाही. त्या गाडीत लहान मुलाचं अंग मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. मूल झोपलं आहे, उठवायला नको वाटतं, हे मला समजतं. तरीही उठवा आणि कडेवर घेऊन जा.

दुसरी गोष्ट, खेळ. मुलं उन्हात धावतात तेव्हा आतून उष्णता तयार होते. स्नायू जे काही जाळतात, त्यातले पाचातले चार भाग उष्णताच होतात. मुलांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो आणि खेळाच्या नादात तहान कळत नाही. सकाळी 9 नंतर आणि संध्याकाळी 5 च्या आधी मैदान नको. दर वीस मिनिटांनी खेळ थांबवून पाणी. हे प्रशिक्षकांना तुम्ही सांगा. आईबापांनी चार वेळा सांगितलं की ऐकतात.

आता घरातली वजनदार माणसं. इथे कुणाला नावं ठेवायची नाहीत. फक्त एवढंच की किलोमागे कातडी कमी असेल, तर उष्णता बाहेर जायला वाट कमी पडते. वर चरबीचा थर असेल, तर ती आणखी अडते. सकाळी मेट्रो स्टेशनपर्यंत चालत गेल्यावर तुमच्या सडपातळ मित्राचा श्वास दोन मिनिटांत ताळ्यावर येतो आणि तुम्ही कार्यालयात पोचेपर्यंत घामाघूमच असता, त्यामागे हेच आहे. घाई करू नका. दहा मिनिटं आधी निघा. सावलीच्या फूटपाथने चला. सैल, सुती, फिकट रंगाचे कपडे घाला. शर्टाच्या आत जाड बनियन नको. घरी आल्यावर लगेच जेवायला बसू नका. आधी अंगावर साधं पाणी घ्या आणि पंख्याखाली बसा. ओल्या अंगावर वारा लागला की उष्णता भराभर जाते. कोरड्या अंगावर 38 अंशांचा वारा लागून तेवढा उपयोग होत नाही.

उन्हाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात जास्त जपा. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. गावाहून कामाला आलेला नवा वॉचमन, नवा गवंडी, नवा डिलिव्हरी करणारा मुलगा, यांना पहिल्याच दिवशी भर दुपारची पाळी लावू नका.

आजी-आजोबांचा हिशेब आणखी वेगळा आहे. त्यांचं वजन कमी झालं म्हणून कातडीचा हिशेब बाळासारखा वाटेल, पण त्या कातडीचं काम मंदावलेलं असतं. घाम कमी येतो. कातडीकडे रक्त कमी वाहतं. आणि तहानच लागत नाही. 'मला नको आहे पाणी' असं आजोबा म्हणतात ते खोटं नसतं, त्यांना खरंच कळत नाही. म्हणून विचारू नका, नेऊन द्या. दर दीड-दोन तासांनी अर्धा पेला. पाणी नको तर ताक, पन्हं, कोकम सरबत, तांदळाची पेज. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील, किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर उन्हाळ्यात किती पाणी द्यायचं आणि गोळ्यांत काही बदल करायचा का, हे डॉक्टरांना मार्चमध्येच विचारून ठेवा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. मधुमेह असेल तर पन्हं आणि सरबत साखरेशिवाय.

वरच्या मजल्यावर, गच्चीखालच्या घरात एकट्या राहणाऱ्या वयस्कर जोडप्याकडे दुपारी एक फोन करा. स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. लिफ्ट बंद असेल, तर भाजी तुम्ही वर नेऊन द्या.

उष्माघात कसा ओळखायचा, हे घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही माहीत हवं. अंग भट्टीसारखं तापलेलं, आणि माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, किंवा शुद्ध हरपते. घाम आहे की नाही, यावर जाऊ नका. कधी असतो, कधी नसतो. 108 ला फोन करा. आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हात बांधून बसू नका. आधी गार करायचं आहे. माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा किंवा काढा. बादलीने अंगावर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. पेपर, पुठ्ठा, ओढणी, जे मिळेल त्याने. मानेला, काखेत, जांघेत बर्फ किंवा गार पाण्याच्या पट्ट्या. या जागी मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या जवळ असतात. गर्दीला बाजूला करा, कारण वारा तीच अडवते. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाईल. तापाची गोळी देऊ नका. हा ताप वेगळा आहे, त्या गोळीने उतरत नाही.

माणूस वजनदार असेल तर पाणी ओतणं लवकर थांबवू नका. बाहेरून कातडी गार लागते, आत उष्णता अडकलेली असते. शुद्धीवर येऊन नीट बोलेपर्यंत चालू ठेवा आणि तरीही दवाखान्यात न्याच.

जूनमध्ये पाऊस आला की आपण ऊन विसरतो. मग उलटं संकट येतं. पाण्यात अंगाची उष्णता हवेच्या मानाने वीस-पंचवीस पट वेगाने जाते. पांडवकड्याच्या धबधब्याकडे पावसाळ्यात जायला बंदी असते, ती पाण्याच्या लोंढ्यामुळे, आणि ती पाळाच. पण साध्या भिजण्यातही लहान मूल तुमच्या आधी गारठतं. स्कूटरवर पुढे उभं केलेलं भिजलेलं पोर, समोरून वारा. ओठ निळसर दिसले, दात वाजू लागले, की मौज संपली. थांबा, ओले कपडे काढा, कोरडं काहीतरी गुंडाळा. डिकीत एक जुना टॉवेल आणि मुलाचा एक सुका शर्ट जूनपासून ठेवून द्या.

हवेबद्दलही थोडं. गांडूळ इतकं बारीक असतं की ते कातडीतूनच श्वास घेतं. आपलं अंग मोठं, त्याला बाहेरची कातडी पुरत नाही. म्हणून फुप्फुसांच्या आत बारीक फुग्यांची घडी घातलेली आहे. उलगडली तर सुमारे 70 चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. तेवढ्या जागेवर हवा आणि रक्त यांची देवघेव चालते. लहान अंगाला उष्णता राखायला जास्त जाळावं लागतं, म्हणून प्राणवायूही जास्त लागतो. तान्हं बाळ मिनिटाला 30 ते 60 श्वास घेतं, तुम्ही 12 ते 20. किलोमागे बाळाच्या छातीत तुमच्या जवळजवळ दुप्पट हवा जाते. त्या हवेत जे काही असेल, तेही दुप्पट. तळोज्याच्या कारखान्यांकडून रात्री उग्र वास येऊ लागला की खिडक्या लावा, आधी बाळाच्या खोलीच्या. डासांची कॉइल त्या खोलीत नकोच. मच्छरदाणी लावा. वास आला त्या रात्रीची तारीख आणि वेळ लिहून ठेवा, तक्रार करताना उपयोगी पडते.

मुक्या जिवांनाही हाच नियम आहे. कुत्र्याला पंजे सोडले तर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून उष्णता सोडतं. मोठ्या अंगाचे, दाट केसांचे, थंड प्रदेशातले कुत्रे आपल्याकडे हौसेने पाळले जातात. त्यांना फिरवायचं ते उजाडायच्या सुमारास. तळहात रस्त्यावर ठेवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल, तर त्याच्या पंजालाही होत नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर दुपारी बाहेर काढूच नका. आणि चिमणी-बुलबुलासारख्या छोट्या पाखरांना उन्हाळ्यात पाण्यावाचून फार वेळ निभत नाही. बाल्कनीत सावलीला उथळ मातीचं भांडं ठेवा. दोन बोटं पाणी पुरे. रोज घासून बदला, नाहीतर डास होतील.

शेवटी सोसायटीचं काम. गेटवरची वॉचमनची केबिन पत्र्याची असेल, तर आत पंखा आहे का ते स्वतः जाऊन बघा. पत्र्यावर पांढरा रंग द्या किंवा हिरवं कापड बांधा, पाण्याचा माठ ठेवा. सत्यनारायण, वार्षिक सभा, मुलांच्या शर्यती, रक्तदान शिबिर, मार्च ते जूनमध्ये जे काही उघड्यावर असेल, ते सकाळी 9 च्या आत संपवा किंवा संध्याकाळी घ्या. खुर्च्या एकमेकींना चिकटवून मांडू नका, मध्ये हातभर जागा सोडा. म्हाताऱ्यांच्या आणि लेकुरवाळ्यांच्या खुर्च्या कडेला, पंख्याजवळ. बर्फ कुठे मिळेल आणि बादल्या कुठे ठेवल्या आहेत, हे दोघा-तिघांना माहीत असू द्या. 108 हा आकडा लिफ्टच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवा. पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत हा मुद्दा घालायला सेक्रेटरींना आजच सांगा.